हिशेब चुकला त्याची हकीकत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे शिकावे असे वाटत होते, परंतु धाकटी भावंडे लहान होती आणि आईला बागेत कामाला जावे लागे, तेव्हा दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. त्यामुळे बोलण्यात काही कमीजास्त झाले तर आपण सांभाळून घ्याल असा भरवसा धरते.

अध्यक्षीणबाईंनी मला विषय दिला तो असा, की चैत्रात मजुरीच्या हिशेबात जो घोळ झाला, तो नेमका काय होता हे सर्वांना समजेल अशा रीतीने सांगावे. मी म्हटले, "बाई, तो विषय संगणकाचा आहे. माझ्या लेकीला बोलवा." त्या म्हणाल्या, "खजिनदार तुम्ही आहात. पाकिटे तुमच्या हातची होती. तुम्हीच सांगा." त्यांचे म्हणणे मला पटले, म्हणून आज उभी आहे.

नव्या सभासद भगिनींसाठी आधी थोडे मागचे सांगते. आपल्या मंडळात उन्हाळ्याच्या तोंडावर तीन कामे चालतात. एक उडदाचे पापड लाटणे, दुसरे वाल भिजवून, मोड आणून बिरडे सोलणे, आणि तिसरे चिंच फोडून चिंचोके काढणे. पापड मुंबईला जातात, बिरडे नागाव-रेवदंड्याच्या खानावळींत जाते, चिंच व्यापारी घेऊन जातो. मजुरी किलोवर. यंदा पापडाचा दर किलोला ३४ रुपये, वालाचा ३०, आणि चिंचेचा २८ असा सभेत ठरला होता. एकतीस बायका, पंधरा दिवसांनी पगार. आजवर मी हा हिशेब पेन्सिलीने वहीत करीत असे. रात्री जेवणे आटोपली की दिव्याखाली बसायचे आणि गुणाकार करायचे. हल्ली डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. दोन वेळा सहाचा आठ वाचला गेला, तेव्हा मलाच भीती वाटू लागली.

माझी मुलगी संगणकाच्या शाखेला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिमग्याच्या सुटीत ती घरी आली होती. माझी धडपड पाहून म्हणाली, "आई, हे मी तुला लॅपटॉपवर करून देते. नाव, काम आणि किलो एवढेच भरायचे, रुपये आपोआप येतील." दोन दिवसांत तिने ते केले. मला समोर बसवून माझीच ओळ भरून दाखवली. मी चिंचेच्या कामात होते. किलो भरले, रुपये आले, मी पेन्सिलीने ताडून पाहिले, तंतोतंत बरोबर! आम्हा दोघींना इतका आनंद झाला म्हणून सांगू! ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामास येणार आहे. आम्ही ताडून पाहिली ती एकच ओळ, आणि तीही चिंचेची.

त्या यादीवरून दोन पगार झाले. बँकेतून यादीत जेवढी बेरीज होती तेवढीच रक्कम काढली, पाकिटे भरली, वाटली. कोणी काही बोलले नाही.

आणि मग चैत्रगौरीचे हळदीकुंकू आले. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्हे चालले होते. पापडवाल्या काकूंनी, त्या समोरच बसल्या आहेत म्हणून नाव घेत नाही, पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "दर उतरवलात तर उतरवलात, निदान सांगायचे तरी होते." मी म्हटले, "दर कुठे उतरवला?" त्या म्हणाल्या, "बावीस किलो लाटले. सातशे अठ्ठेचाळीस यायचे ते सहाशे सोळा आले. मागच्या पगाराला पण असेच." मागून कोणीतरी, मला न दिसता, म्हणाले, "चिंचवाल्यांचे मात्र बरोबर येते म्हणतात."

भगिनींनो, त्या वाक्याने माझ्या पायाखालची वाळूच सरकली. चिंचेच्या कामात मी. हिशेब मी केलेला. लॅपटॉप माझ्या घरचा. कोणाच्या मनात काय येईल हे सांगायला नको. आणि त्याहून मला लागले ते हे की, महिनाभर बायकांनी कमी पैसे निमूटपणे घेतले. दर कमी झाला असेल, आपल्याला कोण विचारते, असे मनाशी म्हणून घेतले. आपले मंडळ असूनही! त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरेना. घरच्यांनी विचारले तर म्हटले, डोके दुखते आहे.

सगळी निजल्यावर मी वही आणि यादी घेऊन बसले. आता मला संगणकातले काही कळत नव्हते, परंतु भागाकार येत होता. काकूंचे सहाशे सोळा भागिले बावीस, आले अठ्ठावीस. दुसरी ओळ वालाची घेतली. सव्वीस किलोला ७८० यायचे ते ७२८ आले होते. सातशे अठ्ठावीस भागिले सव्वीस, पुन्हा अठ्ठावीस. तिसरी, चौथी, दहावी ओळ घेतली. सगळीकडे अठ्ठावीस! म्हणजे पैसे कसेही कमी आले नव्हते. पापडवाल्या असोत, वालवाल्या असोत, प्रत्येकीला चिंचेचा दर लागला होता. आणि चिंच ही आपल्या दरांच्या यादीत शेवटची होती.

सकाळी लेकीला फोन केला. ती आधी म्हणाली, "आई, प्रोग्राम बरोबर आहे. तुझे किलो लिहिण्यात चुकले असेल." मी म्हटले, "माझे चुकले असते तर सगळीकडे अठ्ठावीसच कसे आले?" ती गप्प झाली. शनिवारच्या एस.टी.ने घरी आली आणि हातपाय न धुता लॅपटॉप उघडून बसली. थोड्या वेळाने पाहते तो डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "आई, लॅम्डाने घात केला गो."

आता हा लॅम्डा कोण, ते सांगते. मीही प्रथम विचारले, हा तुमच्या वर्गातला कोणी मुलगा आहे काय!

लॅम्डा हे ग्रीक लिपीतले एक अक्षर आहे. अलोन्झो चर्च नावाचे अमेरिकेतले एक गणिती होते, प्रिन्स्टनला असत. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी गणितातल्या कृती लिहिण्याची एक पद्धत काढली, आणि कृती कोणत्या अज्ञातावर करायची आहे हे दाखवायला त्यापुढे लॅम्डा हे अक्षर घातले. आपण शाळेत "क्ष मानू" म्हणत होतो ना, तसेच. "लॅम्डा क्ष, क्ष ची दुप्पट" याचा अर्थ, मला कोणतीही संख्या द्या, तिचे नाव क्ष मानते आणि दुप्पट करून देते. चर्च यांच्या काळात आजच्यासारखे संगणक नव्हतेच. पुढे जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमारास लिस्प नावाची संगणकाची भाषा केली, तीत हा शब्द घेतला, आणि तेथून तो पुष्कळ भाषांत गेला. माझी मुलगी ज्या भाषेत काम करते तिचे नाव पायथन. तीत लॅम्डा १९९४ पासून आहे.

या लॅम्डाचे वैशिष्ट्य असे की, ती नाव नसलेली कृती असते. आपल्या हाताच्या पाच बोटांत एक अनामिका असते, तिला स्वतःचे नाव नाही, म्हणून कामाला कमी आहे काय? अंगठी तिच्यातच. आपण कांद्याच्या माळा विणतो तेव्हा आधी निवड करतो. नवी मुलगी कामाला आली की तिला काय सांगतो? "जाड मानेचा असेल तो बाजूला टाक." या सूचनेला आपण काही नाव ठेवत नाही. वहीत लिहीत नाही. एका वेळेपुरती तिच्या हाती देतो, निवडण्याचे काम ती जाणतेच, काय पाहून निवडायचे तेवढे आपण सांगतो. संगणकाच्या ग्रंथालयात, म्हणजे आधीच कोणी करून ठेवलेल्या कृतींच्या संग्रहात, यादी लावून देणे, यादी चाळून देणे अशी तयार कामे असतात. ती कामे कशी करायची हे त्यांना माहीत असते. किलो पाहून लावायची की नाव पाहून, हे मात्र आपण सांगायचे, आणि ते सांगण्याची सर्वांत आटोपशीर रीत म्हणजे लॅम्डा. मला ही रीत आवडली. उगाच प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचे बारसे कोण करीत बसणार!

मुलीने काय केले होते? तीन कामांसाठी तीन लॅम्डा करून ठेवल्या होत्या. त्याही एका फेरीत, एकामागून एक. पायथनच्या नव्या आवृत्त्यांत नावे देवनागरीतही देता येतात, म्हणून माझ्यासाठी तिने "दर" आणि "किलो" असेच शब्द ठेवले होते, ते मी स्वतः वाचले. फेरी अशी होती: दरांच्या यादीतले एकेक काम आणि त्याचा दर घ्या, आणि त्या कामाचा हिशेब म्हणून लिहून ठेवा, "लॅम्डा किलो, किलो गुणिले दर." मी वाचले तेव्हा मला त्यात काडीचीही चूक दिसेना. पापडाच्या वेळी दर ३४, वालाच्या वेळी ३०, चिंचेच्या वेळी २८. मग बिघडले कुठे?

मुलगी समजावून सांगू लागली, ते माझ्या डोक्यात शिरेना. ती म्हणे, लॅम्डा किंमत धरून ठेवत नाही, नाव धरून ठेवते. मी म्हणे, नाव आणि किंमत वेगळी कशी? शेवटी मी तिला आपल्या मंडळाच्या खोलीतला फळा आठवून दिला, आणि मग तिचे मला आणि माझे तिला समजले.

असे समजा की मी खोलीत बसले आहे. फळ्यावर लिहिले "दर ३४", आणि पापडवाल्यांच्या चिठ्ठीवर लिहिले, "किलोला फळ्यावरच्या दराने गुणावे." चिठ्ठी पेटीत टाकली. मग फळा पुसला, लिहिले "दर ३०", आणि वालवाल्यांच्या चिठ्ठीवर तेच शब्द लिहिले, "किलोला फळ्यावरच्या दराने गुणावे." पुन्हा फळा पुसला, "दर २८" लिहिले आणि चिंचेची चिठ्ठी केली. तिन्ही चिठ्ठ्यांवरची अक्षरे एकच आहेत, लक्षात घ्या. आता पंधरा दिवसांनी पेटी उघडली. पापडाची चिठ्ठी काढली. ती म्हणते, फळ्याकडे पाहा. फळ्यावर काय आहे? अठ्ठावीस. वालाची काढली, अठ्ठावीस. चिठ्ठी लिहिताना फळ्यावर काय होते हे चिठ्ठीला ठाऊकच नाही. ती वाचली जाते तेव्हा फळ्यावर जे असेल ते खरे.

लॅम्डाने केले ते हेच. फेरी संपली तेव्हा "दर" या नावावर शेवटचा आकडा उरला होता, आणि तो सगळ्यांना लागला. आमची चाचणी चिंचेची होती, म्हणून ती बरोबर आली. चाचणी पापडाची घेतली असती तर पहिल्याच दिवशी चोर सापडला असता.

मी म्हटले, हा संगणक मूर्खच म्हणायचा. मुलगी म्हणाली, तसे नाही, कधीकधी असेच हवे असते. तेही मला पटले. आपण रेवदंड्याच्या बाजाराला जाणाऱ्या शेजारणीला सांगतो, "पापलेट मिळाले तर आण, आजचा भाव असेल त्या भावाने." तेव्हा भाव बाजारात पोचल्यावर पाहायचा असतो. सकाळी घरी बसून ठरवून चालत नाही. फळ्याकडे पाहण्याची चिठ्ठी अशा वेळी उपयोगी. परंतु आपली मजुरी म्हणजे काही मासळीचा भाव नव्हे. ती सभेत ठरलेली होती.

मुलगी स्वतःला फार दोष देऊ लागली. मला काही येत नाही, मी ही शाखाच सोडते, इथपर्यंत आली. मी काय समजूत घालणार? मीच चार घरांतून तोंड लपवून फिरत होते. परंतु तिच्या वर्गातल्या एका वरच्या वर्षाच्या मुलीने फोनवर तिला जे सांगितले, ते मी ऐकले आणि वहीत टिपून घेतले. पायथनवाल्यांनी लोकांच्या नेहमीच्या शंकांची उत्तरे देऊन ठेवली आहेत, त्यांत हीच शंका आहे, की फेरीत केलेल्या सगळ्या लॅम्डा एकच उत्तर का देतात! म्हणजे ही ठेच जगभर इतक्यांना लागली की तिचा पाठच झाला. सी शार्प नावाची एक भाषा आहे, तिच्या कर्त्यांनी २०१२ साली फेरीचा नियमच बदलला, का, तर लोक याच खड्ड्यात पडत होते. गो नावाची दुसरी भाषा, तिने २०२४ च्या फेब्रुवारीत तसेच केले. मोठमोठ्या भाषांना आपला नियम बदलावा लागला, तिथे माझी एकोणीस वर्षांची पोर चुकली तर काय आकाश कोसळले? पायथनने मात्र आपला नियम बदललेला नाही, तिथे आपणच जपून चालायचे.

आता उपाय काय केला तो सांगते. आपण बाजारात जाताना विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतो. पैसे त्या कामाचेच राहावेत म्हणून गाठीत बांधून देतो. तसेच दर चिठ्ठीतच बांधून द्यायचा, फळ्याकडे बोट दाखवायचे नाही. याच्या दोन रीती तिने दाखवल्या.

पहिली रीत लॅम्डातच थोडा फरक करण्याची. "लॅम्डा किलो" ऐवजी लिहायचे, "लॅम्डा किलो, दर बरोबर दर." मला हसू आले. दर बरोबर दर, यात काय सांगितलेत? तर म्हणे उजवीकडचा दर हा फळ्यावरचा, आणि डावीकडचा चिठ्ठीच्या पदरातला. चिठ्ठी लिहिली जाते त्याच क्षणी फळ्यावरचा आकडा उचलून पदरात बांधला जातो. मग फळा कितीदा पुसा. युक्ती बरी आहे, परंतु मला विचाराल तर ती वाचणाऱ्याला फसवणारी आहे. दोन्हीकडे एकच शब्द, त्यात कोणता कोणाचा, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी रीत मला अधिक आवडली. तिला कृतीचा अडॅप्टर म्हणतात. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या जागी बसत नाही, तेव्हा आपण मधे अडॅप्टर लावतो ना, तसाच. मजुरी काढण्याच्या कृतीला दोन गोष्टी लागतात, दर आणि किलो. परंतु यादी भरताना आपण देतो एकच गोष्ट, किलो. दोन मागणाऱ्या कृतीतली एक गोष्ट आधीच बांधून टाकली की उरते एकच मागणारी कृती, आणि ती जागेवर नीट बसते. पायथनच्या संग्रहात यासाठी पार्शियल म्हणून एक साधन २००६ पासून आहे. त्याला सांगायचे, मजुरी ही कृती घे, दर ३४ बांध, आणि त्याला पापडाचा हिशेब म्हण. मग दर ३० बांध, तो वालाचा. ज्या क्षणी सांगितले त्या क्षणी गाठ बसली. यात मजुरीच्या कृतीला तिचे स्वतःचे नाव आहे, ती एकदाच लिहिली आहे, आणि काय बांधले ते उघड दिसते.

असे अडॅप्टर दुसऱ्या भाषांतही आहेत. सी प्लस प्लस नावाच्या भाषेच्या १९९८ च्या नियमपुस्तकात दोन होते, एक पहिली गोष्ट बांधणारा आणि एक दुसरी बांधणारा. "हा कांदा त्या कांद्याहून मोठा काय" अशी दोघांची तुलना करणारी कृती असेल, तर त्यातला "तो" कांदा ठरवून टाकायचा, की उरते "हा कांदा मापाहून मोठा काय." माळेसाठी निवड करताना आपण हातात एक मापाचा कांदा धरतो, तीच गोष्ट. पुढे २०११ साली त्या भाषेत लॅम्डा आली आणि २०१७ च्या आवृत्तीतून ते दोन्ही जुने अडॅप्टर काढून टाकले. त्या भाषेतल्या लॅम्डाची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. तीत सुरुवातीलाच एक चौकोनी कंस असतो, आणि बाहेरची वस्तू आत न्यायची तर तिची नक्कल न्यायची की मूळ वस्तूकडे बोट दाखवायचे, हे त्या कंसात सांगता येते. म्हणजे पदराची गाठ की फळा, हे दारातच ठरवायचे. तरीही बोट दाखवायला सांगितले तर फसगत व्हायची ती होतेच म्हणा.

एक गंमत सांगते. सगळ्या गोष्टी एकदम न देता एकेक करून देण्याच्या पद्धतीला इंग्रजीत करीइंग म्हणतात. मी म्हटले, हे तर आपल्या घरातले! आधी नारळ, मग चिंच, मग मीठ. परंतु तसे नाही, हॅस्केल करी नावाचे गणिती होते, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडले. कालवणाशी काही संबंध नाही.

असो. हे सगळे समजल्यावर मी मुलीला एक प्रश्न विचारला. "बये, तीन कामांचे तीन दर कागदावर लिहून, ज्याचा त्याचा दर पाहून गुणाकार केला असता तर चालले नसते काय? हा लॅम्डाचा खटाटोप कशाला?" ती जरा वेळ गप्प बसली आणि मग हसली. म्हणाली, "चालले असते. पण नुकतेच शिकले होते, म्हणून वापरले." नव्या सुनेने पहिल्या दिवशी पाच पक्वान्ने करावीत तसे झाले! मात्र तिचीही बाजू सांगते. यंदा आपण कुरडया घेणार आहोत, त्यांची मजुरी किलोवर नाही, शेकड्यावर आहे. तेव्हा तिथे नुसता दर वेगळा असून भागत नाही, हिशेबाची कृतीच वेगळी लागते. अशा वेळी प्रत्येक कामाबरोबर त्याची त्याची कृती बांधून ठेवणे सोयीचे. तेव्हा लॅम्डा टाकाऊ नाही. कुठे वापरायची एवढाच प्रश्न.

आता पैशाचे. दोन्ही पगारांची यादी आम्ही मायलेकींनी पेन्सिलीने पुन्हा केली. पापड एकूण ४१२ किलो, किलोमागे सहा रुपये कमी, झाले २४७२. वाल ५२३ किलो, किलोमागे दोन रुपये, झाले १०४६. एकूण ३५१८ रुपये. ही रक्कम मंडळाच्या खात्यातून कधी बाहेर पडलीच नव्हती, कारण यादीच्या बेरजेइतकेच पैसे आम्ही काढत होतो. वैशाखातल्या सभेत मी बँकेचे पुस्तक सर्वांच्या हाती फिरवले. राजीनामाही लिहून नेला होता. काकूंनी तो वाचला, घडी केली आणि पुस्तकात घालून मला परत दिला. एवढेच म्हणाल्या, "आधी सगळ्यांचे देऊन टाका, मग बघू." सगळ्यांचे दिले, आणि पुढे तो विषय कोणी काढला नाही. मागून बोललेल्या बाई कोण हे मला आजही ठाऊक नाही, आणि मी विचारलेही नाही. त्यांनी ते बोलून दाखवले नसते तर मी त्या रात्री भागाकार करायला बसलेच नसते.

मुलगी शाखा सोडणार नाही. परीक्षेत तोंडी विचारताना तिला नेमका हाच प्रश्न आला, आणि तिने फळ्याची गोष्ट सांगितली म्हणते. मास्तरांनी किती गुण दिले ते अजून कळायचे आहे. माझ्यासाठी म्हणून तिने मुंबईच्या आय.आय.टी.चा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम फोनवर लावून दिला आहे, त्यात संगणकाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. भाजी चिरता चिरता मी ऐकते. निम्मे कळते.

आता कार्यकारिणीने ठरवलेले सांगते. यादी पूर्वीसारखीच लॅपटॉपवर होईल. परंतु पाकिटे भरण्याआधी प्रत्येक कामाची एकेक ओळ हाताने ताडून पाहायची, आणि ती ताडणारी बाई त्या कामातली असावी, खजिनदार नसावी. पापडाच्या ओळी काकू पाहतात. त्यांनी पहिल्याच वेळी माझी एक चूक काढली, ती संगणकाची नव्हती, मी चोविसाचे बेचाळीस भरले होते. दर सभेत ठरले की ते कागदावर लिहून दाराला लावले जातील. कोणाला आपल्या पाकिटात कमी वाटले तर त्याच दिवशी विचारावे, हळदीकुंकवाची वाट पाहू नये. कुरडयांचा शेकड्याचा दर अजून ठरायचा आहे, त्यासाठी येत्या शनिवारी चार वाजता सर्वांनी यावे.

आणि जाता जाता एक. मागच्या फरकाचे एक पाकीट अजून माझ्याकडे पडून आहे. वालाच्या कामातल्या एक ताई वैशाखात मुलाकडे पनवेलला राहायला गेल्या, त्यांचे ते आहे. बावन्न रुपये आहेत. त्यांच्या घरचे कोणी इथे आले असेल तर सभा संपल्यावर मला भेटावे, मी पुस्तक आणि पाकीट दोन्ही बरोबर आणले आहे.